घोडे नेमके कुठे पेंड खाते?

एखाद्या कामातली खरी अडचण दाखवायची झाली की आपण म्हणतो, 'इथेच तर घोडे पेंड खाते!' हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मला आता वीस वर्षे होत आली. मुले त्याचा वाक्यात उपयोग करतात, मी तांबड्या शाईने बरोबरची खूण करतो, आणि आम्ही पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. मागच्या वर्षी मात्र सहावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, पेंड खाल्ली तर घोड्याला काय होतं?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिला नीट उत्तर द्यावे म्हणून मी घोड्याच्या खाण्यापिण्याविषयी वाचू लागलो, घोडे बाळगणाऱ्या माणसांशी बोलू लागलो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. त्यामुळे डॉक्टरांची भाषा मला घोडेवाल्यांकडून समजावून घ्यावी लागली, आणि घोडेवाल्यांची डॉक्टरांच्या पुस्तकांतून. हे करता करता प्रश्न घोड्यापुरता उरला नाही. दुसऱ्याला खाऊ घालताना आपण कोणाचे पोट भरत असतो, त्याचे की आपल्याच मनाचे, हा प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

दिवाळीच्या अंकात हा विषय काढणे काहींना रसभंग वाटेल. दिवाळी म्हणजे खाऊ घालण्याचा सण. वसुबारसेला गाईवासराच्या तोंडी घास द्यावा, पाडव्याला, भाऊबीजेला आपल्या माणसांना जेवू घालावे, शेजारी फराळाचे ताट पाठवावे. आपल्याकडे दानाच्या इतर प्रकारांवर शंका घेतली जाते. पैसे दिले तर ते दारूत जातील, उपदेश दिला तर तो टोचेल, कपडे दिले तर ते अंगाला येणार नाहीत. अन्नाच्या दानावर मात्र कोणी शंका घेत नाही. भुकेल्याच्या तोंडी घास घातला की पुण्य पदरात पडले, इतका हा हिशेब सरळ आहे. सरळ हिशेब एकदा तपासून पाहावा, असे माझ्यातल्या मास्तराला वाटते.

आधी घोड्याच्या पोटात डोकावू. घोडा दिसायला केवढा मोठा, पण त्याचे जठर त्या मानाने लहान. त्यात आठ ते पंधरा लिटरच मावतात. गाय भराभर चरून घेते आणि मग झाडाखाली बसून सावकाश रवंथ करते. तिच्या पोटाचे चार कप्पे त्यासाठीच आहेत. घोड्याला रवंथ नाही. मोकळ्या रानात तो दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे खात हिंडत असतो. तो खात असो वा नसो, त्याच्या जठरात आम्ल पाझरतच राहते. त्या आम्लाला आवर घालणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून तास न् तास उपाशी उभ्या ठेवलेल्या घोड्याच्या जठराला आतून व्रण पडतात. आपण म्हणतो, 'मुकाट उभा आहे बिचारा.' आत त्याचे पोट त्यालाच खात असते.

गवताचे खरे पचन होते ते पुढे, मोठ्या आतड्यांत. त्यांच्या तोंडाशी आंधळे आतडे नावाची एक भली मोठी पिशवी आहे. तिच्यात पंचवीस-तीस लिटर ऐवज मावतो. या पिशवीत आणि तिच्यापुढच्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव वस्तीला असतात. ते गवत आंबवतात आणि त्यातून घोड्याला बळ मिळते. घोडा धावतो तो या न दिसणाऱ्या गड्यांच्या जिवावर. हे गडी रोजच्या कामाला सरावलेले असतात. अचानक धान्याचा लोंढा आला, तर जठर आणि लहान आतडे त्याला पुरे पडत नाहीत. न पचलेले पीठ थेट मागे जाते, तिथे झपाट्याने आंबते, आम्ल माजते, कामाचे जीव मरतात आणि त्यांच्यातली विषे रक्तात उतरतात. मग पोटशूळ उठतो. कधी कधी तर खुरांच्या आतल्या नाजूक थराला सूज येते आणि जनावर कायमचे लंगडे होते. खाण्यातले चुकले तर ते खुरांत उमटते, हे वाचून मी चकित झालो.

या सगळ्यावर कळस करणारी गोष्ट अशी की घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेला घास परत फिरत नाही. कुत्र्यामांजरांना, माणसाच्या तान्ह्या लेकरालाही निसर्गाने एक सुटकेची वाट ठेवली आहे. नको ते पोटात गेले की बाहेर टाकावे. घोड्याला ती वाट नाही. आणि तरीही धान्याची कोठी उघडी राहिली, तर तो बेताने खाऊन थांबत नाही. गोड दाणा दिसला की खातच सुटतो. ज्याला आत गेलेले परत पाठवता येत नाही आणि समोर आलेले नाकारता येत नाही, अशा जिवाच्या तोंडाशी हात नेणे ही केवढी जोखीम आहे!

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. पेंड हे विष नव्हे. ताजी पेंड, थोडी, हळूहळू सवय लावून दिली तर घोड्याला पचते. बुरशी धरलेली दिली, किंवा कालपर्यंत गवतावर असलेल्या घोड्यापुढे आज एकदम टोपलीभर ओतली, तर घात होतो. गुरांसाठी तयार केलेल्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते. गाईला ते चालते, घोड्याचा मात्र त्याने जीव जाऊ शकतो. म्हणजे एकाच गोठ्यात, एकाच हाताने, एकाच मायेने घातलेले अन्न एकाला पोसते आणि दुसऱ्याला मारते.

हे सारे पुस्तकातले झाले. त्याचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला तो माथेरानला. रायगड जिल्ह्यातल्या या डोंगरावर मोटारी जात नाहीत. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून पुढच्या तांबड्या वाटांवर पुष्कळ माणसे पायी किंवा घोड्यावर जातात. शाळेची सहल घेऊन मी तिथे गेलो होतो. मुले रांगेत उभी होती. शेजारी एका घोडीभोवती पर्यटकांचे एक कुटुंब जमले होते, आणि त्यातली लहान मुलगी घोडीला बिस्किटांचा पुडा भरवू लागली होती. घोडेवाला पुढे झाला आणि नरमाईने म्हणाला, "ताई, नका देऊ तिला." मुलीचा हिरमोड झाला. वडिलांना राग आला. "अहो, प्रेमानं देतेय लेकरू. तुम्ही स्वतः धड घालत नाही, दुसऱ्यानं घातलं तर अडवता!" घोडेवाला काही बोलला नाही. त्याने लगाम धरून घोडीचे तोंड दुसरीकडे वळवले, इतकेच.

दुपारी मुले जेवायला बसली तेव्हा मी त्याला शोधत गेलो. साठीच्या आसपासचा, काटक, डोक्याला फडके गुंडाळलेला माणूस. मी त्याला मामा म्हटले, त्याने मला मास्तर म्हटले, आणि आम्ही एका जांभळीच्या सावलीत बसलो. बिस्किटे का अडवलीत, असे मी विचारले.

"मास्तर, जनावर मुकं आहे, पण त्याचं पोट मुकं नाही," तो म्हणाला. "ते बोलतं. फक्त रात्री दोन वाजता बोलतं. तेव्हा बिस्किटवाले आपापल्या घरी झोपलेले असतात."

मग त्याने आधीच्या एका घोडीची हकिगत सांगितली. सुट्ट्यांचे दिवस होते, गर्दी उसळली होती. दिवसभर माणसांनी तिला बिस्किटे दिली, पाव दिला, कोणी भजी दिली. फेऱ्यांच्या गडबडीत त्याचे लक्ष राहिले नाही. संध्याकाळी तिने फार काम केले म्हणून त्याने तिच्या तोंडाला रोजच्यापेक्षा भरलेला चंदीचा तोबरा बांधला. मध्यरात्री ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहू लागली, खाली पडून लोळू लागली. पहाटेपर्यंत तो तिला चालवत राहिला. डॉक्टर आले. तिला ओकता येत नव्हते, म्हणून त्यांनी नाकातून जठरापर्यंत नळी घातली, इंजेक्शने दिली. उजाडल्यावर ती गेली.

"दोष कोणाला देऊ?" तो म्हणाला. "शंभर जणांनी एकेक घास घातला. मारलं तर कोणीच नाही. आणि शेवटचा तोबरा तर माझाच होता."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. नीतीच्या पुस्तकांत अपराधाची उदाहरणे बहुधा एका माणसाची असतात: एकाने चोरी केली, एकाने खोटे बोलले, एकाने मारले. इथे शंभर माणसांनी शंभर चांगली कृत्ये केली आणि त्यांची बेरीज एक मृत्यू झाली. प्रत्येक जण घरी जाऊन खऱ्या मनाने म्हणाला असेल, 'आज एका मुक्या जिवाला घास घातला.' प्रत्येकाचे ते समाधान खरेच होते. मग चुकले कुठे? घोडे नेमके कुठे पेंड खाते?

यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असते. भाव शुद्ध असला की पुरे. फळ आपल्या हाती नाही. हे उत्तर मी सहजासहजी झटकणार नाही. आपल्या अर्ध्या संतवाङ्मयाचा भर भावावर आहे, आणि तो बरोबर आहे. देवाला वाहिलेले पान शिळे असले तरी देवाचे पोट बिघडत नाही. पण घोडा देव नव्हे. त्याला आतडी आहेत. देवापुढे भाव पुरतो. ज्याला पोट आहे त्याच्यापुढे भावाच्या जोडीला ज्ञान लागते. शुद्ध भाव देणाऱ्याला निर्दोष ठरवील, परंतु घेणाऱ्याला वाचवील असे नाही. आणि देण्याच्या कृतीत आपण निर्दोष ठरणे हाच हेतू असेल, तर ती कृती घेणाऱ्यासाठी होती असे कसे म्हणावे?

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होते. विराटाच्या घरी अज्ञातवासात नकुल ग्रंथिक या नावाने घोड्यांची व्यवस्था पाहतो. आणि ती त्याला जमते, कारण त्याला अश्वविद्या येते, केवळ घोडे आवडतात म्हणून नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र अध्याय असून त्यात घोड्याच्या प्रतीप्रमाणे त्याच्या दाण्याचे प्रमाण बांधून दिलेले आहे. तिकडे ग्रीस देशात झेनोफन नावाच्या सेनानीने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की तबेला मालकाच्या वारंवार नजरेत पडेल अशा जागी असावा, म्हणजे घोडा आपले खाणे बाहेर टाकू लागला तर ते लगेच ध्यानात येईल. कारण ते अतिश्रमाचे किंवा जवाच्या अजीर्णाचे लक्षण असू शकते. इतक्या दूरच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. घोड्यावरचे प्रेम त्यांनी शब्दांत मांडले नाही, मापात मांडले.

मराठी मुलखाला याहून जवळचे उदाहरण आहे. 1670 च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. पण त्या पत्राची सुरुवात घोड्यांच्या दाणावैरणीपासून होते. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण कष्टाने जमवली आहे. ती आत्ताच मन मानेल तशी उधळलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशा आशयाची कानउघाडणी त्यात आहे. पुढे वैरणीच्या गंजीला आग लागू नये म्हणून उघड्या दिव्याची जळती वात उंदीर पळवून नेईल, इथपर्यंत सावधगिरी सांगितली आहे. आज हात सैल सोडणारा माणूस उद्याचा मारेकरी ठरतो, हे राज्यकर्त्याने स्पष्ट लिहिले. आणि वैरण संपली म्हणजे शिपाई रयतेच्या दारात जाऊन तिचे दाणे, गवत आणि भाजी ओढून आणतील, हेही त्याला दिसत होते. घोड्याचे पोट आणि कुणब्याचे घर यांच्यामधला धागा त्याने पाहिला होता. तो धागा तुटला म्हणजे काय होते, हे पानिपतावर 1761 साली दिसले. युद्धाच्या दिवसापूर्वीच मराठ्यांची छावणी दाण्यावैरणीला मोताद झाली होती.

हा धागा आजही आहे, आणि माथेरानच्या त्या सावलीत तो माझ्या हाती लागला. मी मामांना विचारले, "मग घोड्याला द्यावं तरी काय?" त्याने बोटे मोडत सांगितले. पोटाला आधार गवताचा, दाण्याचा नव्हे. कोरडे, स्वच्छ, वास न मारणारे गवत, दिवसातून तीन-चार वेळा. चंदी कामाच्या मानाने. भिजवलेला हरभरा किंवा शिजवलेला हुलगा, आणि तोही एका वेळी थोडा. घामाने निथळत आलेल्या घोड्याला लगेच चंदी नाही, आधी दम खाऊ द्यायचा. पाणी नेहमी समोर. खाणे बदलायचे तर जुन्यात नवे मिसळत दहा-पंधरा दिवसांनी पुरते बदलायचे. पावसात भिजलेले, बुरशी आलेले गवत दिसले की सरळ टाकून द्यायचे. दातांवर धार आली की कानशीने घासून घ्यायचे, नाहीतर घास चावला जात नाही. पुढे मी हे पुस्तकांशी ताडून पाहिले. पुस्तके फक्त आकडे जोडतात: घोड्याच्या वजनाच्या निदान दीड ते दोन टक्के इतका कोरडा चारा रोज हवा, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 6 ते 8 किलो, पाणी 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त, आणि चंदी डब्याच्या मापाने न देता वजन करून द्यावी, कारण एक डबा ओट आणि एक डबा मका सारख्या वजनाचे नसतात.

"सगळं येतं मला," मामा म्हणाला. "पण गवत डोंगराखालून वर येतं, मास्तर. त्याला पैसे पडतात. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक असतं तेव्हा ते घासाघीस करतं. सकाळी ज्या साहेबांनी मला बोल लावला, त्यांनी त्याआधी फेरीच्या भाड्यातले शंभर रुपये कमी करून घेतले होते. त्या शंभरात हिचं एक वेळचं गवत निघालं असतं."

मी गप्प झालो. या एका वाक्यात माझ्या प्रश्नाचे जे उत्तर होते ते मला पुस्तकांत मिळाले नव्हते. ज्या हाताने भाड्यातून गवत काढून घेतले, त्याच हाताने बिस्किट पुढे केले. पहिली कृती व्यवहार म्हणून विसरली गेली आणि दुसरी भूतदया म्हणून लक्षात राहिली. हे सद्गृहस्थ वाईट नव्हते. तुमच्या-माझ्यासारखेच होते. आपल्यालाही न्यायापेक्षा दया सोपी वाटते. न्यायात समोरच्याचे जे आहे ते त्याला द्यावे लागते, आणि त्यात आपला मोठेपणा काही दिसत नाही. दयेत आपण देतो, आपल्याला हवे तेव्हा, हवे तेवढे, आणि वर कोणीतरी आपला फोटो काढतो.

यावरून कोणी असे म्हणेल की मग ज्ञानाचा उपयोग काय? मामांना सारे ठाऊक होते, तरी घोडी गेली. हा आक्षेप खरा आहे. ज्ञानाला पैशाची जोड नसेल तर ते पांगळे होते, आणि दमलेल्या माणसाचे ज्ञान तर रात्रीच्या वेळी त्याला सोडून जाते. पण याचा अर्थ ज्ञान नको असा होत नाही. त्याचा अर्थ असा की जाणत्या माणसाच्या हाताला बळ द्यायला हवे. ज्याला घोड्याचे पोट कळते त्याला पूर्ण भाडे द्यावे, आणि ज्याला कळत नाही त्याने आपले बिस्किट खिशात ठेवावे. घोड्याला खाऊ घालण्याचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि गंमत अशी की त्यात आपण घोड्याला स्पर्शही करीत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला. आमची आत्या जेवायला वाढू लागली की पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. मापाची गोष्ट काढली की ती म्हणे, "मोजून वाढतात ते खानावळीत. घरात का कुठे मोजतात?" तिच्या बोलण्यात एक खरी भीती होती. माप आले की माया आटते, हिशेब आला की घर उरत नाही. आजच्या दिवसांत, जिथे प्रत्येक घासाचे आकडे सांगणारी माणसे ताटाशेजारी बसलेली असतात, ही भीती मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

तरीपण मी आत्याशी मनातल्या मनात वाद घालीत आलो आहे. चांगला मोतद्दार चंदी मोजतो, तेव्हा तो काय करीत असतो? आज घोडा किती चालला, काल त्याने किती खाल्ले, लीद कशी पडली, डोळा कसा आहे, हे सारे त्याच्या मनात असते. त्या मापात त्या एका जनावराचा दिवस असतो. खानावळीतले माप सगळ्यांना सारखे असते. मोतद्दाराचे माप रोज बदलते. पहिल्यात माणूस दिसेनासा होतो. दुसऱ्यात त्याच्याकडे नीट पाहिलेले असते. आत्या चार वर्षे ज्या काकांच्या पानात जिलबी सोडत राहिली, त्यांना मधुमेह होता. ते हसून खात, कारण नाही म्हटले तर तिला वाईट वाटेल. आग्रहाच्या पंगतीत पाहुणा पुष्कळदा वाढणाऱ्याचे मन राखण्यासाठी जेवतो. म्हणजे तिथे भरवला जातो तो वाढणाराच!

पाहुणा निदान हात आडवा धरू शकतो. पण आपल्या घरांत असे पुष्कळ जीव आहेत ज्यांना घोड्यासारखेच नाकारता येत नाही. तान्ह्या मुलाला 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' करीत आपण पोट भरल्यावरही भरवतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या सोयीच्या वेगाने घास देतो. आणि आम्ही मास्तर लोक तर या पापाचे धनी जन्मभर असतो. चाळीस मुलांच्या डोक्यांत एकच टोपली ओततो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर दुप्पट. मुलांनाही ओकता येत नाही. फार तर उत्तरपत्रिकेत ती ते परत करतात, आणि त्यालाच आपण शिक्षण म्हणतो. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, जुन्यात नवे मिसळत, ज्याच्या त्याच्या चालीप्रमाणे: घोड्याच्या चंदीचा नियम शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा इतका चांगला आहे.

या सगळ्याचा मथितार्थ काय? अन्नदान पुण्य नाही असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की ते पुण्य देणाऱ्याच्या हातात पुरे होत नाही; ते घेणाऱ्याच्या आतड्यात पुरे होते. तिथपर्यंत आपली नजर पोहोचत नाही, म्हणून तिथपर्यंत आपली चौकशी पोहोचली पाहिजे. 'याला काय चालते?' हा साधा प्रश्न घास पुढे करण्याच्या आधी विचारणे, यात दयेचा अर्धा भाग आला. उत्तर ऐकून हात मागे घेता येणे, यात उरलेला अर्धा. हा दुसरा भाग कठीण आहे. मागे घेतलेल्या हाताचे कोणी आभार मानीत नाही, आणि वाचलेल्या घोड्याला आपण वाचलो हे कळत नाही.

या दिवाळीत ज्यांच्या दारात लग्नाची वरात निघेल, जे सुट्टीत डोंगरावर जातील, ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे, त्यांना तर हे सांगणे आहेच. पण ज्यांच्या घरात केवळ माणसे आहेत, त्यांनाही आहे. फराळाचे ताट जरूर भरा. फक्त ते कोणापुढे ठेवायचे आहे, त्याचा चेहरा भरताना डोळ्यांसमोर असू द्या. घरातल्या कोण्या म्हाताऱ्या माणसासाठी बिनसाखरेचा एक लाडू वेगळा वळावा लागेल, कोणासाठी चिवड्यात मिरची कमी घालावी लागेल, कोणाला काहीच न वाढता नुसते शेजारी बसावे लागेल. त्यात थोडी खटपट आहे. ती खटपट करायला आपण तयार आहोत का, इथेच सारे घोडे पेंड खाते.